मेरिटची भाषा आता आपल्याच तोंडी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोर्टातून येऊन ऑफिसात टेकलो होतो, तेवढ्यात वस्तीतला एक तरुण हातात प्लास्टिकची फाईल घेऊन आला. 'जयभीम सर' म्हणाला आणि उभाच राहिला. बस म्हटल्यावर बसला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पदवीधर. चार वर्षे अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी केलेली, वडील रोजंदारीवर, घरात कमावते दुसरे कोणी नाही. एका सरकारी कार्यालयाच्या लिपिक भरतीत अनुसूचित जातीच्या यादीत शेवटच्या जागेवर आपले नाव लागणार अशी त्याला खात्री होती. अंतिम यादी लागली आणि ती जागा गेली. त्या जागेवर जो उमेदवार आला तोही अनुसूचित जातीचाच, आपल्याच समाजाचा. फक्त त्याच्या नावापुढे दिव्यांग असा शेरा होता.

"सर, त्याचे मार्क माझ्यापेक्षा अकराने कमी आहेत. मेरिट माझं आहे. हायकोर्टात रिट टाकायची आहे."

मी ती केस घेतली नाही. आलेला पक्षकार परत पाठवणे धंद्याच्या हिशेबाने शहाणपणाचे नव्हे, हे माझे कारकूनही मला नंतर ऐकवून गेले. पण त्या दिवसापासून तो एक शब्द डोक्यातून जात नाही. मेरिट! भीमनगरात वाढलेल्या, बापाच्या खांद्यावर बसून १४ एप्रिलची मिरवणूक पाहिलेल्या पोराच्या तोंडी तो शब्द आला, आणि तोही आपल्याच एका लंगड्या भावाच्या विरोधात.

१९९० साली मी शाळकरी पोर होतो. ७ ऑगस्टला मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि देशभर सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आता आम्हाला हेच करावे लागणार म्हणून कुणी बूट पॉलिश करत बसले, कुणी हातात झाडू घेतला. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे काम केले ते त्यांच्या लेखी शिक्षा होती! त्या वेळी त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, मेरिट. त्याला चळवळीने उत्तर दिले. धावण्याची रेषा एकच असली तरी एकाच्या पायात बेड्या असतील तर पहिला कोण आला हा प्रश्नच खोटा आहे, हे आपण सभासभांतून सांगितले आणि कोर्टातही मांडले. आता ज्याच्या पायाला खरोखरच कॅलिपर आहे तो आपल्याच यादीत आपल्या शेजारी येऊन उभा राहिला, तर आपण त्याचे गुण मोजायचे?

त्या तरुणाचा राग मी समजू शकतो. चार वर्षे आणि एक जागा, हा लहान हिशेब नाही. पण त्याला कायदा कोणी समजावून सांगितलेला नव्हता, आणि मला वाटते आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांनाही तो नीट माहीत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इंद्रा साहनी खटल्याचा निकाल दिला. ५० टक्क्यांची मर्यादा आणि क्रीमी लेयर या दोन गोष्टींसाठी तो निकाल सर्वांच्या तोंडी आहे. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण हे उभे आरक्षण, आणि अपंगांचे आरक्षण हे आडवे आरक्षण. आडवे आरक्षण उभ्या आरक्षणांना छेदून जाते. महाराष्ट्रात शासकीय भाषेत याला समांतर आरक्षण म्हणतात. समांतर रेषा एकमेकींना कधी छेदत नाहीत आणि इथे तर सगळा मुद्दाच छेदण्याचा आहे, पण ते असो. अर्थ असा की, अपंग कोट्यातून निवडलेला उमेदवार अनुसूचित जातीचा असेल तर त्याला अनुसूचित जातीच्या जागेवर बसवायचे, खुल्या प्रवर्गाचा असेल तर खुल्या जागेवर. त्यासाठी त्या त्या यादीतला शेवटचा उमेदवार खाली सरकतो. अनुसूचित जातीच्या यादीत आमचा हा तरुण शेवटचा होता.

म्हणजे अनुसूचित जातीची जागा कुठेच गेली नाही. राज्यात १३ टक्के होती ती १३ टक्केच राहिली. समाजातल्या एका माणसाऐवजी समाजातलाच दुसरा माणूस तिथे बसला, आणि तो असा की ज्याला परीक्षा केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर चढायलाच वीस मिनिटे लागली असतील. हे मी सांगितले तेव्हा तो गप्प झाला. मग त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न वकिलाच्या तोडीचा होता. "सर, मग दिव्यांगांच्या जागांत आपल्या समाजाच्या किती जागा राखीव असतात?"

उत्तर असे : एकही नाही.

कोणत्याही मोठ्या भरतीची जाहिरात काढून तिच्यातला तक्ता बघा. वर प्रवर्ग दिलेले असतात, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती वगैरे. प्रत्येक प्रवर्गाखाली महिलांच्या जागा वेगळ्या दाखवलेल्या असतात. अनुसूचित जातीच्या महिलेची जागा अनुसूचित जातीच्या महिलेलाच. दिव्यांगांचे मात्र तसे नसते. तक्त्याच्या तळाशी एक वेगळी ओळ असते, दिव्यांगांसाठी एकूण इतकी पदे. ती कोणत्याही प्रवर्गातून भरली जातात. राज्यभरच्या अपंग उमेदवारांत ज्याला जास्त गुण, त्याला जागा. मोठ्या शहरातल्या नामांकित विशेष शाळेत ब्रेल शिकलेला, घरी संगणक असलेला, क्लास लावलेला अंध उमेदवार आणि गावात कधी शाळेच्या फळ्यापुढे बसवलाच न गेलेला आपल्या वस्तीतला अंध उमेदवार, हे दोघे एकाच ओळीत. पहिल्याविषयी माझ्या मनात कटुता नाही, तोही झगडूनच आलेला असतो. पण ज्या व्यवस्थेने डोळस माणसांत जात पाहिली, ती आंधळ्यांच्या रांगेत अचानक जातीला आंधळी होते हे मला पटत नाही.

१९९५ साली अनिल कुमार गुप्ता विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आडव्या आरक्षणाचे दोन प्रकार समजावून सांगितले, एकंदर आणि कप्पेबंद, आणि गुंतागुंत टाळायची तर कप्पेबंद पद्धत बरी असे मत नोंदवले. महिलांच्या बाबतीत महाराष्ट्राने ती पद्धत स्वीकारली. अपंगांच्या बाबतीत कप्पे करणे सोपे नाही हे वकील म्हणून मला मान्य करावे लागेल. शंभर जागांत अपंगांच्या चार, आणि त्या चारांचे १३ टक्के म्हणजे अर्धी जागा. अर्धा माणूस नेमता येत नाही. शिवाय त्या चारही जागा वेगवेगळ्या प्रकारच्या अपंगत्वाला वाटून दिलेल्या. पण दहा वर्षांच्या भरत्यांचा हिशेब एकत्र मांडला तर अर्धे जोडून पुरे होतात. जातीच्या रोस्टरमध्ये आपण बिंदूंचा हिशेब वर्षानुवर्षे पुढे नेतोच ना? तशीच फिरती पद्धत इथेही आणता येईल. शासन जाग्यावर हललेले नाही, कारण ही मागणी कुणी जोर लावून केलेलीच नाही. अपंगांच्या संघटनांना जातीचा विषय नको असतो आणि आपल्या संघटनांना अपंगांचा विषय आठवत नाही.

दुसरी एक गोष्ट सांगतो, म्हणजे हा प्रश्न कागदावरचा नाही हे कळेल. तालुक्याच्या गावाहून एक ताई आल्या होत्या. दृष्टी अत्यंत कमी, बोटभर अंतरावर कागद धरून वाचतात. बौद्ध कुटुंबातल्या, जातवैधता प्रमाणपत्र हातात, अपंगत्वाचे प्रमाणपत्र हातात. एका भरतीच्या कागदपत्र पडताळणीला टेबलामागच्या कर्मचाऱ्याने विचारले, "अनुसूचित जातीतून की दिव्यांगातून? एकच काय ते सांगा." मागे रांग उभी. ताई घाबरून म्हणाल्या, दिव्यांगातून. त्याने अनुसूचित जातीचा रकाना लाल शाईने खोडला. झाले! एका क्षणात त्या खुल्या प्रवर्गाच्या झाल्या. पुढे अर्ज, निवेदने, नोटीस, इंद्रा साहनी निकालातला उतारा जोडून पाठवला तेव्हा प्रवर्ग परत नोंदवला गेला. त्यात पाच महिने गेले.

त्या कर्मचाऱ्याने मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. त्याला कायदा माहीत नव्हता, एवढेच. पण हे अज्ञान दर वेळी एकाच बाजूला का झुकते, असा प्रश्न पडतोच. केंद्राच्या नोकरभरतीत अपंग उमेदवाराला वयात १० वर्षांची सूट मिळते, आणि तोच अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर १५ वर्षांची. म्हणजे एकच माणूस दोन्ही असू शकतो हे नियमालाच मान्य आहे. 'एकच सांगा' असे विचारण्याचा अधिकार कोणत्याही टेबलाला नाही. आपल्या मुलांनी अशा वेळी शांतपणे सांगावे, दोन्ही, आणि ताई असेल तर महिला म्हणून तिन्ही. तोंडी ऐकत नसतील तर तिथेच कोऱ्या कागदावर अर्ज लिहून पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय हलू नये.

आपल्यात असे लोक कितीसे असणार, असे वाटणाऱ्यांसाठी आकडे देतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. देशाच्या एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत २.१८. फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा नाही, पण तो कोणत्या बाजूला आहे ते पाहा. अपुरे पोषण, गावकुसाबाहेरची वस्ती, उशिरा मिळालेला किंवा कधी न मिळालेला डॉक्टर, आणि हातपाय गमावण्याचा धोका असलेली कामे, या सगळ्यांचा तो जमाखर्च आहे असे मी मानतो. नोकरीचे म्हणाल तर २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १५ वर्षांवरील अपंगांपैकी प्रत्यक्ष काम करणारे फक्त २२.८ टक्के निघाले. चार जणांत एकही पुरता नाही. आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेले किती? २८.८ टक्के. प्रमाणपत्र नाही त्याला आरक्षण नाही, वयाची सूट नाही, लेखनिक नाही, तासाला वीस मिनिटांचा जादा वेळ नाही. कायद्याच्या दृष्टीने तो अपंगच नाही.

हे प्रमाणपत्र मिळवायचे म्हणजे काय ते ज्याने सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात ठरलेल्या वारी सकाळी सहापासून रांग पाहिली आहे त्याला विचारा. खेड्यातून अपंग माणसाला आणायचे तर सोबत एक धडधाकट माणूस लागतो, म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांची मजुरी बुडाली. डॉक्टर आज नाहीत, मशीन बंद आहे, ऑनलाइन नोंदणी करून या. तीन खेपांत काम झाले तर नशीब. दुसरीकडे पैशाच्या आणि ओळखीच्या जोरावर धडधाकट माणसे अशी प्रमाणपत्रे मिळवतात अशा तक्रारी सतत होत असतात. २०२४ साली पुण्यात नेमणूक असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि लोकसेवा आयोगाने जुलैअखेर ती उमेदवारीच रद्द केली. त्या गदारोळानंतर संशयाची नजर कुणावर वळली? खऱ्या अपंगांवर! खोट्या जात प्रमाणपत्रांच्या बाबतीत आपण नेमके हेच भोगले आहे. चोरी दुसऱ्याने करायची आणि झडती आपली.

एक शब्द मला खटकतो तोही सांगून टाकतो. सरकारने अपंग हा शब्द टाकून दिव्यांग हा शब्द आणला. कार्यालयांच्या पाट्या बदलल्या. ज्यांना तो शब्द आवडतो त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण पाय नसलेल्या माणसाच्या अंगात दिव्यत्व आहे असे म्हटल्याने उतार बांधला जात नाही की रोस्टर भरले जात नाही. आपल्याला हा अनुभव जुना आहे. आपल्यालाही एकेकाळी देवाची माणसे ठरवून हरिजन नाव दिले होते, आणि १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी त्या नावाला विरोध करून सभात्याग केला होता. नाव मोठे आणि हक्क लहान, हा या देशाचा जुना खेळ आहे. त्याच्यामागे पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत उभा असतो. आंधळा का जन्मला? मागच्या जन्मीचे पाप. अस्पृश्य का जन्मला? तेच. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला, कारण तो मान्य केला की समाजाची आणि राज्याची जबाबदारी संपते. त्यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये राज्याने काम, शिक्षण आणि साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी तरतूद करावी असे सांगताना बेकारी, वार्धक्य, आजार यांच्याबरोबर विकलांगतेचाही स्पष्ट उल्लेख आहे. मार्गदर्शक तत्त्व म्हणून ते कोर्टातून बजावून घेता येत नाही, तरी पुढच्या सगळ्या कायद्यांचे बीज तिथे आहे.

ते कायदे यायला किती वर्षे लागली? १९९५ साली पहिला कायदा झाला, ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला, त्यात नोकरीत ३ टक्के आरक्षण. त्यावर सरकारी खात्यांनी काय युक्ती काढली? आम्ही अपंगांसाठी जी पदे योग्य ठरवू त्यांच्यापुरतेच ३ टक्के मोजू. पदेच योग्य ठरवायची नाहीत, मग आरक्षण शून्य. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंधांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात लढली आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आरक्षण संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवरच मोजायचे. तीन महिन्यांत हिशेब करा असा आदेशही दिला. कायदा होऊन अठरा वर्षांनी! अनुशेषाची आपली लढाई आठवते का? पदे दाबून ठेवणे, योग्य उमेदवार मिळाला नाही असा शेरा मारणे, जागा खुल्या करून टाकणे. डाव तेच आहेत आणि खेळणारेही तेच. दोन पीडित समाज एकाच कचेरीच्या दोन खिडक्यांवर शंभर वेळा उभे राहिले, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

२०१६ च्या कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आरक्षण ४ टक्के झाले आणि अपंगत्वाचे प्रकार २१ झाले. बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, स्वमग्नता यांनाही पहिल्यांदा वाटा मिळाला. केंद्राच्या नियमानुसार शंभर बिंदूंच्या रोस्टरमध्ये १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू अपंगांचे आहेत. हे चार आकडे पाठ करून ठेवा. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात न्यायची. तेव्हाही मिळाला नाही तर अपंगत्वाच्या दुसऱ्या प्रकारातून भरायची. अपंग उमेदवारच मिळाला नाही तरच इतरांना द्यायची, असे कलम ३४ सांगते. पदोन्नतीचा हक्क १४ जानेवारी २०२० च्या सिद्धराजू निकालाने पक्का झाला. इंद्रा साहनी निकालातली पदोन्नतीत आरक्षण नाही ही अट अपंगांना लागू नाही, असे तीन न्यायमूर्तींनी सांगितले. पदोन्नतीतील आरक्षणासाठी महाराष्ट्रात इतकी वर्षे डोके फोडणाऱ्या आपल्या कर्मचारी संघटनांनी हा निकाल वाचला तरी आहे का? त्यांच्यातल्या अनुसूचित जातीच्या अपंग सभासदाला हे दार उघडे आहे. ३ मार्च २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

निकाल झाला म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०१५ ची परीक्षा ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या; रेल्वेने त्या पूर्ण अंध आहेत म्हणून लेखा सेवेत घ्यायला नकार दिला. पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक आला आणि आय.ए.एस. होऊन केरळात गेल्या. दर अंध मुलीने दोनदा आयोगाची परीक्षा पास व्हायची का?

आता सगळ्यात अवघड जागेकडे येतो. हे सारे हक्क कायम नोकरीचे आहेत, आणि कायम नोकरीच उरली नाही तर? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी एजन्सीमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला होता. आरडाओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. तो एक निर्णय गेला, पण कंत्राटी पद्धत काही गेली नाही. कंत्राटदाराच्या यादीला रोस्टर कुठले? तिथे जातीचे आणि अपंगत्वाचे आरक्षण एकाच दिवशी, एकाच सहीने मरते. खासगी कंपन्यांना तर २०१६ च्या कायद्यात सक्ती नाहीच. मनुष्यबळात किमान ५ टक्के अपंग घेणाऱ्यांना सरकारने सवलती द्याव्यात एवढेच कलम ३५ म्हणते, आणि तेही सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तर. मात्र कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीनेसुद्धा, समान संधीचे धोरण जाहीर करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची आहे. आपल्या शहरातल्या औद्योगिक वसाहतीत किती कारखान्यांनी ते केले, हे कुणी विचारले आहे काय?

सफाईच्या कामात तर कंत्राट आणि अपंगत्व यांची गाठच बसली आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही; जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यायचे, तेही नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करायचे. २०१६ च्या कायद्यात हे कलम २०(४) आहे, जुन्या कायद्यात ४७ होते. कुणाल सिंह या शिपायाचा कर्तव्यावर जखमी झालेला डावा पाय कापावा लागला आणि दलाने त्यांना घरी पाठवले, तेव्हा २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम लावून त्यांना सेवेत परत घ्यायला लावले. पण गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीवर लटकणारा आपला माणूस कायम असेल तरच त्याचा उपयोग. कंत्राटी कामगाराचा हात यंत्रात गेला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. २० ऑक्टोबर २०२३ च्या बलराम सिंह निकालात गटारात उतरून कायमचे अपंगत्व आलेल्या आणि कमाईला मुकलेल्या कामगाराला किमान २० लाख रुपये आणि इतर अपंगत्वाला किमान १० लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. ज्यांच्या घरात असा प्रसंग घडला आहे त्यांनी कंत्राटदाराने हातावर ठेवलेले पन्नास हजार घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा देण्याआधी एकदा वकिलाला भेटावे. फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; अनुसूचित जातीच्या आणि अपंग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो. तिथेही दोन्ही कारणे लिहावीत!

आणि आता थोडे आपल्या घरात पाहू. जयंतीला, महापरिनिर्वाण दिनाला आपण अपंग बांधवांना तीनचाकी सायकली वाटतो. मंडपात फोटो होतो, पेपरात बातमी येते. सायकल वाईट नाही, ज्याला मिळाली त्याला ती हवीच असते. पण सायकल मिळालेला माणूस त्याच मंडपाच्या स्टेजवर चढू शकतो का? आपल्या किती विहारांना पायऱ्यांशेजारी उतार आहे? आपण चालवतो त्या अभ्यासिका कितव्या मजल्यावर आहेत? मी ज्या विहाराच्या समितीवर आहे तिथेही नऊ पायऱ्याच आहेत, उतार नाही. गेल्या वर्षी रंगरंगोटीला वर्गणी झाली तेव्हा मलाही तो सुचला नाही. आपल्या मागण्यांच्या निवेदनात शिष्यवृत्ती असते, अनुशेष असतो, अत्याचाराची प्रकरणे असतात. अपंगांचा रोस्टर मी तरी क्वचितच पाहिला आहे.

काम कुठून सुरू करायचे? मोर्चाच्या आधी माहिती हवी. माहिती अधिकाराचा अर्ज करावा, जिल्हा परिषद, महापालिका, विद्यापीठ, वीज कंपनी, जिथे जिथे आपले लोक नोकरीला अर्ज करतात तिथे. विचारायचे एवढेच : प्रत्येक संवर्गातली मंजूर पदे किती, १९९६ पासून आजवर अपंग आरक्षणातून किती पदे भरली, अपंगत्वाच्या कोणत्या प्रकारातून किती, पुढे नेलेल्या रिक्त जागा किती, आणि नेमलेल्या अपंग कर्मचाऱ्यांपैकी अनुसूचित जातीचे, जमातीचे, इतर मागास आणि खुल्या प्रवर्गाचे किती. शेवटचा प्रश्न बहुधा आजवर कुणी विचारलेला नसेल. अशी माहिती ठेवलेली नाही असे उत्तर आले तर तेही जपून ठेवा, कारण कलम २२ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला अपंग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवावी लागते. तेच उत्तर घेऊन पुण्याला अपंग आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना कायद्याने दिलेले आहेत.

तो तरुण त्यानंतर दोन महिने आला नाही. मला वाटले दुसरा वकील गाठला असेल. मग एका शनिवारी संध्याकाळी आला, सोबत कुबडी घेतलेला त्याच वयाचा एक मुलगा. यादीत अकरा गुण कमी असूनही नेमणूक मिळालेला तो हाच का, असे मी डोळ्यांनीच विचारले. "नाही सर, हा माझ्या अभ्यासिकेतला. ह्याचं प्रमाणपत्र दोन वर्षांपासून अडकलंय. आम्ही अभ्यासिका खालच्या मजल्यावर आणायचं बघतोय, पण आधी ह्याचं काम करा."

तिघांनी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. एक प्रत सिव्हिल हॉस्पिटलला, प्रमाणपत्र का रखडले म्हणून. दुसरी ज्या कार्यालयाच्या भरतीत त्याची जागा गेली तिथे, वर दिलेले सगळे प्रश्न घालून. अर्जदार म्हणून सही त्याची आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून रजिस्टर पोस्टाने पाठवले. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.